नातू जुगारी झालाय का?

‘ताई, मी निवृत्त, वय 68. डोंबिवलीत मुलाकडे राहतो. नातू नववीत आहे. माझा रिचार्ज, वीजबिल तोच भरून देतो, त्यामुळे यूपीआयचा पिन त्याला पाठ. परवा पासबुक भरून आणलं तर दीडशे-दोनशे करत 6,400 रुपये गेलेले. गेममधल्या बंदुकीची रंगीत ‘स्किन’ मिळावी म्हणून क्रेट, म्हणजे आत काय निघेल ते ठाऊक नसलेली विकतची पेटी, उघडत होता म्हणे. मी गिरणगावात वाढलो. मटक्यापायी संसार उघड्यावर आलेले पाहिलेत. रागाच्या भरात त्याला ‘जुगारी’ म्हणालो. मुलगा म्हणतो, खेळण्यावरचा खर्च हा, जुगार कसला? नातू बोलत नाही. कोण बरोबर, सांगा.’

काका,

क्रेटपुरतं तुमचं बरोबर आहे. नातवापुरतं नाही.

मटक्यात पैसे आधी द्यायचे आणि आकडा काय लागेल ते नशिबावर. क्रेटचंही तेच. फरक एवढाच की आकडा लागला तर हातात रोकड यायची. क्रेटमधून निघालेली स्किन बहुतेक गेममध्ये त्या खात्यातच राहते, विकता येत नाही. तुमचा मुलगा नेमकं यावर बोट ठेवतोय आणि तो एकटा नाही. ब्रिटनच्या सरकारने 2022 मध्ये जुगाराच्या कायद्यात अशा पेट्या आणायचं नाकारलं. नेदरलँड्समध्ये एका फुटबॉल गेमच्या कंपनीला झालेला दंड त्याच वर्षी वरच्या न्यायालयात रद्द झाला. उलट बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्येच पैसे घेऊन उघडायच्या पेट्या सरळ बेकायदा जुगार ठरवल्या. आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, पण क्रेटचं नाव घेऊन त्यात काही म्हटलेलं नाही. त्यामुळे कायद्याच्या भरवशावर हे भांडण मिटणार नाही.

मला विचाराल तर रोकड मिळते की नाही, हा प्रश्न नववीतल्या मुलासाठी गौण आहे. त्याला ती स्किनच हवी असते, कारण वर्गातल्या चौघांकडे ती आहे. एकदा त्याच्या शेजारी बसून क्रेट उघडताना बघा. चक्र फिरतं, दिवे लुकलुकतात, हवी ती बंदूक काट्याजवळ येते आणि एक घर पुढे सरकते. ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटायला लावायचं हे तंत्र कॅसिनोच्या यंत्रांत फार जुनं आहे. शिवाय रुपये थेट जात नाहीत. आधी गेममधलं चलन घ्यायचं, तेही अशा पटीत की थोडं उरतंच, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पुन्हा भर घालायची.

आता गणित. बऱ्याच गेममध्ये शक्यतेचा तक्ता कुठेतरी बारीक अक्षरांत असतो. तो नातवालाच शोधायला सांगा. समजा दुर्मीळ स्किनची शक्यता 0.5 टक्के निघाली. तो म्हणेल, 200 क्रेट उघडले की मिळणारच. नाही मिळणार. शंभर मुलांनी प्रत्येकी 200 क्रेट उघडले, तरी त्यातली साधारण 37 हात हलवत परत येतील. हे त्याच्याकडूनच कॅल्क्युलेटरवर करून घ्या. तुमच्या व्याख्यानापेक्षा लवकर पटेल.

जुगाराचा नाद असलेली माणसं अशा पेट्यांवर जास्त खर्च करतात, असं 2018 च्या एका अभ्यासात दिसलं. पण पेट्यांमुळे नाद लागतो की नाद असलेलेच तिकडे वळतात, हे त्यावरून ठरत नाही. तेव्हा एका महिन्याच्या खर्चावरून पोराला मटकेवाल्यांच्या रांगेत बसवू नका. तो शब्द मागे घ्या, आणि तोही मुला-सुनेसमोर, कारण बहुधा बोललातही त्यांच्यासमोरच.

न विचारता पैसे घेतले, ही मात्र त्याची चूक आहे, आणि तुमच्या मुलाने ‘खेळण्यावरचा खर्च’ म्हणून त्यावर पांघरूण घालू नये. दिवाळीच्या ओवाळणीतून, सुट्टीतल्या कामांतून त्याने ते फेडावेत. हप्ता त्यालाच ठरवू द्या.

पिन आजच बदला. वीजबिल त्यालाच भरू द्या, फक्त पिन तुम्ही टाका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून घ्या. शेवटची खरेदी 48 तासांच्या आतली असेल तर परताव्याचा अर्ज लगेच करा. जुन्या खरेदीसाठीही गेमच्या कंपनीला लिहून बघा. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, हे त्यात जरूर लिहा. इंग्रजी मजकूर नातू टाइप करून देईल.

— ताई