पाणी मीटरच्या पेटीपर्यंत येण्याआधी

प्रश्न : आमची कारेलीबागेतली सोसायटी विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट 2024 च्या पुरात पार्किंगमध्ये छातीपर्यंत पाणी होतं आणि सगळे मीटर तिथेच आहेत. पाणी ओसरताना मागच्या भिंतीलगत मगर दिसली. यंदा पावसाळ्याआधी सगळ्यांना एकत्र बोलवावं म्हणते, तर सेक्रेटरी म्हणतात, "मोबाइलवर मेसेज येतोच, बैठक कशाला?" आम्ही तळमजल्यावर राहतो, सासूबाई 82 वर्षांच्या. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : ताई, बैठक घ्याच, पण हॉलमध्ये खुर्च्या मांडून नको. चहा-फाफडा होतो, दोघं-तिघं भाषण करतात आणि माणसं घरी जातात. सगळ्यांना थेट पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीसमोर उभं करा. प्रत्येक घरानं आपला मेन स्विच बोटानं दाखवायचा. मी वीज कंपनीत नोकरी केली आहे, म्हणून सांगतो : निम्म्या लोकांना तो सापडणार नाही. सापडला की त्यावर फ्लॅटचा नंबर ऑइलपेंटनं लिहा. 2024 चं पाणी कुठवर आलं होतं, ती रेघही खांबावर मारून घ्या. हे काम मुलांना द्या, ती हौसेनं करतात.

स्विच पाडायचा तो जमीन कोरडी असताना आणि हात कोरडे असताना. पाणी पेटीला लागलं की मग कुणीही पेटीकडे जायचं नाही, कंपनीला फोन करून मागूनच लाइन बंद करवायची. बहुतेक ठिकाणी हे काम वॉचमनच्या गळ्यात पडतं. गुडघाभर पाण्यात त्याला "जरा मेन पाड रे" म्हणून पाठवणं मला अजिबात पटत नाही. वर राहणाऱ्या दोघांची नावं आत्ताच ठरवा, एक नसला तर दुसरा. वॉचमन बायकोमुलांसह खालच्या खोलीत राहत असेल, तर त्या कुटुंबानं कुणाकडे जायचं तेही ठरवा. यादी करताना त्यांनाच विसरतात.

इन्व्हर्टर हा खरा दगाबाज. मेन पाडला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि बॅटरी मात्र घरातल्या प्लगला करंट देत राहते. तुम्ही तळमजल्यावर, तेव्हा इन्व्हर्टर बंद करून बॅटरीच्या वायरी सोडवायच्या, आणि पाणी यायच्या आत. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा आणि तो वर न्या. जमलं नाही तर जाड दोरीनं बांधा, कारण भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यात तरंगतो. टाकी मात्र मेन पाडायच्या आधी भरून घ्या, नाहीतर पंप कशावर चालवणार?

आता सेक्रेटरींचा मेसेज. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते. तिकडे पाऊस झाला आणि आजवा धरणाचं पाणीही आलं, की बडोद्यात ऊन पडलेलं असताना नदी चढते. 2024 ला काला घोडा पुलाशी पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. मेसेज आल्यावर सासूबाईंना उचलून वर नेणार कोण, हे मेसेज सांगत नाही. त्यांना कुणाकडे न्यायचं ते ठरवा, त्या घरी आधीच एकदा राहूनही येऊ देत. औषधं, चष्मा, टॉर्च एका पिशवीत. फोन बंद पडतात, म्हणून 112, 101 आणि 108 जिन्यात कागदावर चिकटवा, गुजराती आणि मराठी दोन्हीत.

मगरीचं सांगतो. आपल्याकडची मगर पुरात शिकारीला निघालेली नसते, प्रवाहातून बाहेर पडून टेकायला जागा शोधत असते. म्हणून ती पाणी ओसरल्यावर दिसते : बागेत, जिन्याखाली, गाडीखाली. गाडी सुरू करण्याआधी काठी घेऊन लांबूनच वाकून बघा. दिसली तर मुलांना आत घ्या, फाटक लावा, वनखात्याला कळवा. दगड मारणं आणि व्हिडिओसाठी जवळ जाणं, दोन्ही मूर्खपणा. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात तिला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. मला विचाराल तर गढूळ पाण्यात मगरीपेक्षा उघड्या गटाराची भीती जास्त. पाऊल टाकण्याआधी काठीनं चाचपत जा.

पाणी गेल्यावर लगेच मेन चढवू नका. पेटी वाळू द्या, वायरमनकडून मेगर (वायरीतून करंट गळतो का ते दाखवणारं यंत्र) लावून तपासून घ्या, मगच लाइन घ्या. मीटर 2024 च्या रेघेच्या वर घ्यायचे असतील, तर सील कंपनीचं असतं, खासगी वायरमननं हात लावून चालणार नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज लागेल. तो एप्रिलमध्येच टाका, जूनमध्ये कुणी दाद देत नाही.