वाचकांचे प्रश्न : एकशे चाळीस ईमेल आणि दोन उत्तरे

प्रश्न : मी नागपूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. येत्या उन्हाळ्यात जर्मनीत संशोधन इंटर्नशिप मिळावी म्हणून जानेवारीपासून १४० प्राध्यापकांना ईमेल पाठवले. दोन उत्तरे आली, तीही ‘सध्या रजेवर आहे’ अशी आपोआप येणारी. ईमेल, बायोडेटा आणि मिनी प्रोजेक्टचा अहवाल सोबत जोडला आहे. माझे काय चुकते?
— एक विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमचा ईमेल ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होतो, १४० जणांच्या यादीत बऱ्याच स्त्री प्राध्यापक असणार, हे ध्यानात घेतलेले दिसत नाही. पुढे आपल्याला संशोधनाची नितांत आवड असल्याचे आणि त्यांच्या ‘नावाजलेल्या कार्याने’ आपण भारावून गेल्याचे लिहिले आहे, पण ते कार्य कोणते, याचा उल्लेख शेवटपर्यंत येत नाही. हेच पत्र उद्या एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवायचे झाले, तरी त्यातला एक शब्द बदलावा लागणार नाही, आणि असे पत्र ओळखायला रोज अशी पत्रे येणाऱ्या माणसाला अर्धे मिनिटही पुरते.

गंमत अशी की सांगण्यासारखी गोष्ट तुमच्याकडे आहे आणि ती बायोडेटाच्या अगदी तळाशी, ‘छंद’ या शीर्षकाच्या वर एका ओळीत दडली आहे. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातील राखेपासून तुम्ही सिमेंटविरहित ठोकळे केले. अहवालाचे अकरावे पान समोर ठेवून मी असे लिहिले असते (पत्र इंग्रजीतच जाईल, आशय तेवढा पाहावा) : “कमी कॅल्शियम असलेल्या राखेवरील आपल्या गटाचा निबंध वाचला. आम्ही कोराडीची राख, सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सिलिकेट वापरून बारा ठोकळे केले. खोलीच्या तापमानाला ते दोन दिवस झाले तरी साच्यातून काढण्याजोगे होईनात; ६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दिवसभर ठेवल्यावर घट्ट झाले, पण चारांना तडे गेले. पाणी झपाट्याने उडून गेल्यामुळे तसे झाले असावे, असा माझा अंदाज आहे. आपण साचे झाकून ठेवले होते का?” एवढे झाल्यावर आपण कोण, कधी येऊ शकतो आणि खर्चाची सोय कशी होईल, हे चार ओळींत लिहावे. तडे गेल्याचे लपवू नये. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला त्यातूनच कळते की ठोकळे खरोखर तुम्हीच केले होते. अर्थात निबंध खरोखर वाचलेला असला पाहिजे, आणि म्हणूनच अशी पत्रे एका हंगामात १४० होत नाहीत, फार तर १५ होतात. दहा-बारा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदाच आठवण करावी, दुसऱ्यांदा करू नये.

दुसरी चूक वेळेची आहे. डाड (विद्यार्थ्यांची व संशोधकांची देवाणघेवाण करणारी जर्मन संस्था) भारतीय विद्यार्थ्यांना देते त्या ‘वाइज’ शिष्यवृत्तीला जर्मन प्राध्यापकाचे आमंत्रणपत्र लागते आणि तिचा अर्ज साधारणपणे आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत करावा लागतो, त्यामुळे जानेवारीत पत्रे पाठवू लागलात तेव्हा ती गाडी निघून गेलेली होती. मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या सुमारास पहिले पत्र जावे आणि दिवाळीपूर्वी आमंत्रण हाती असावे, असा हिशेब धरावा. या शिष्यवृत्तीच्या पात्रतेत संस्थेविषयीचीही अट असते, तेव्हा आपले महाविद्यालय त्यात बसते का, हे आधी पाहावे. कॅनडातील मायटॅक्स ग्लोबलिंक या संशोधन इंटर्नशिपची रीत निराळी आहे : तेथे प्राध्यापकाला पत्र लिहायचे नसते, प्रकल्पांच्या यादीतून निवड करायची असते आणि काम १२ आठवड्यांचे असते. तोही अर्ज आदल्या पावसाळ्यातच करायचा असतो. फक्त त्या वर्षीच्या देशांच्या यादीत भारत आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

शिफारसपत्राविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. “तूच लिहून आण, मी सही करतो” ही आपल्याकडची जुनी चाल आहे, आणि माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही ती पाळली, हे कबूल करतो. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याची दोन ‘वेगवेगळ्या’ प्राध्यापकांकडून आलेली पत्रे एकाच शैलीत, क्वचित एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह पोहोचतात. मार्गदर्शकांना तुमच्या कामाचे पानभर टिपण द्यावे, पत्र त्यांना लिहू द्यावे आणि ते महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरूनच जाईल असे पाहावे.

प्रश्न : मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशा संधी फक्त अभियांत्रिकीच्या मुलांना असतात, असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, मानेवाडा

उत्तर : खरे नाही, आणि भौतिकशास्त्रात तर मुळीच नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या उन्हाळी कार्यक्रमासाठी त्या उन्हाळ्यापर्यंत विद्यापीठीय शिक्षणाची किमान तीन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, त्यामुळे तुम्ही तिसऱ्या वर्षात अर्ज करू शकाल. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्यदेश आहे. अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेचा सर्फ हा दहा आठवड्यांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे आणि त्याच्याच जोडीला गुरुत्वीय लहरींच्या लायगो प्रकल्पातही विद्यार्थी घेतले जातात. भारतातील लायगो वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. या विषयात आज थोडे काम शिकलेल्या मुलीला उद्या त्याचा उपयोग घराजवळही होईल.

तोवर हात रिकामे ठेवू नयेत. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. शिवाय नागपुरात नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची आणि कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तेथे मोजमापाचे काम चालते आणि मोजमापाच्या उपकरणात भौतिकशास्त्रच असते. वर्धा रोडवरून जाताना नीरीची पाटी रोज पाहणाऱ्या, पण आत जाऊन कधी विचारणा न केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या मला नेहमी अचंबित करते.

प्रश्न : धरमपेठेतील एका सल्लागाराने माझ्या मुलाला युरोपात ‘खात्रीची’ संशोधन इंटर्नशिप आणि प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणून अडीच लाख रुपये मागितले आहेत. द्यावेत का?
— एक पालक, प्रतापनगर

उत्तर : देऊ नयेत. वर सांगितलेल्या कार्यक्रमांत पैसा संस्थेकडून विद्यार्थ्याकडे येतो. निवड कोण करते, हे त्या सल्लागाराला विचारून पाहावे. मुलाचे नाव ज्याच्या प्रयोगशाळेत लागणार आहे त्या प्राध्यापकाचे नाव त्यांना सांगता आले नाही, तर विषय तेथेच संपतो. शुल्क घेणारे उन्हाळी अभ्यासवर्ग काही नामांकित विद्यापीठेही चालवतात आणि त्यांत गैर काही नाही, पण तो वर्ग असतो, संशोधन नव्हे. तुमचा रास्त खर्च पासपोर्टचे १,५०० रुपये, शेंगेन व्हिसाचे (युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचे) ९० युरो, विमा आणि विमानभाडे एवढाच, आणि पुष्कळदा भाड्याचाही काही भाग शिष्यवृत्तीतून मिळतो.

प्रश्न : विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा जूनपर्यंत लांबते. मग मे महिन्यात जायचे कसे?
— एक विद्यार्थी, महाल

उत्तर : जाऊ नये. पहिल्याच पत्रात ‘जूनच्या मध्यापासून’ असे लिहावे. जर्मनीत उन्हाळी सत्राचे वर्ग जुलैपर्यंत चालतात, त्यामुळे प्राध्यापक तेव्हा जागेवर असतात, ऑगस्टमध्ये मात्र पुष्कळजण सुटीवर जातात. जपानमधील ओकिनावाच्या ओइस्ट या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत इंटर्नशिप वर्षभर चालते, हाही एक मार्ग आहे. आमंत्रणपत्रावरील तारखा मात्र बोटांवर मोजून पाहाव्यात. शेंगेन व्हिसावर ९० दिवसांपर्यंतच राहता येते. १२ आठवड्यांचे ८४ दिवस होतात, ते चालतात. पण १५ जून ते १५ सप्टेंबर हे ‘तीन महिने’ दोन्ही टोकांचे दिवस धरून ९३ भरतात, आणि त्या तीन दिवसांपायी त्या देशाचा निराळा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो.