ख्रिस्ती घरात मुलांची श्रद्धा आईच घडवते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायको ख्रिस्ती, तुम्ही हिंदू. ती चार वर्षांच्या मुलाला रोज रात्री प्रार्थना म्हणायला लावते आणि सासूबाई म्हणतात, "आमच्यात हे आईचंच काम." हे धर्मात सांगितलंय की नुसती घरातली रीत, असं तुम्ही विचारलंय.

बायबलने ही जबाबदारी एकट्या आईवर टाकलेली नाही. इफिसकरांस पत्रात तर थेट बापांना बजावलंय की मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवा. नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात बापाचा बोध आणि आईची शिकवण शेजारी शेजारी आहेत. पण आमच्याकडचे बाप हे काम आईच्या गळ्यात घालून मोकळे होतात आणि मदर्स डेला तिच्या हातात गुलाबाचं फूल ठेवलं की झालं! असो.

सासूबाईंच्या मनात बहुधा बायबलमधल्या तीमथ्याचं उदाहरण असणार, आणि ते तुमच्या घराशी चांगलंच जुळतं. त्याची आई विश्वास ठेवणारी यहुदी बाई, बाप ग्रीक. त्याचा गुरू, प्रेषित पौल, त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेऊन म्हणतो की तुझ्यातला विश्वास आधी त्यांच्यात होता. बापाचं नावही कुठे येत नाही. पुढे त्याच पत्रात आहे की तीमथ्याला पवित्र शास्त्र बालपणापासून माहीत होतं. आता घरात बाप त्या श्रद्धेचा नसताना हे कुणी शिकवलं असेल ते उघड आहे.

दुसरं नाव मोनिकाचं. चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतली. तिचाही नवरा ख्रिस्ती नव्हता, आयुष्याच्या अखेरीस झाला. मुलगा ऑगस्टीन हुशार, पण आईच्या धर्माला नाकं मुरडणारा. तो रोमला जायला निघाला तेव्हा तिला खोटं सांगून जहाजात बसला. ती मागोमाग मिलानपर्यंत गेली. शेवटी ३८७ साली त्याने बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) घेतला आणि त्याच वर्षी ती वारली. कॅथलिक लोक २७ ऑगस्टला तिचा सण पाळतात आणि दुसऱ्या दिवशी मुलाचा. आमच्या बायकांना ही गोष्ट फार आवडते. मला त्या गोष्टीत मध्ये गेलेली वर्षं महत्त्वाची वाटतात. आईने लहानपणी शिकवलं म्हणून मुलगा सरळ मार्गाला लागला, असं तिच्याही बाबतीत झालेलं नाही.

मी नाशिकची, शरणपूर रोडच्या बाजूला वाढलेली. आमच्या घरी आईने "आता श्रद्धेविषयी बोलू या" असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. भाकऱ्या थापताना ती 'उपासना संगीत'मधली गीतं म्हणायची. बोल तोंडपाठ, चाल मात्र तव्याच्या तालावर कमीजास्त. त्यामुळे चर्चमध्ये पेटीवर तेच गीत लागलं की आम्हा भावंडांना ते चुकीचं वाटायचं. तिच्या बायबलमध्ये विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी आणि एक घडी घातलेला कागद असायचा. त्या कागदावर प्रार्थनेत घ्यायची नावं. त्यात शेजारच्या काकू होत्या, वडिलांच्या कारखान्यातला अपघात झालेला माणूस होता आणि जिच्याशी आईचं वर्षभर बोलणं नव्हतं ती आमची आत्याही होती.

खरा संस्कार कुठे झाला म्हणाल तर भांडणाच्या दिवशी. आईवडिलांचं दुपारी वाजलेलं असलं तरी रात्री कौटुंबिक उपासना चुकायची नाही, आणि प्रभूच्या प्रार्थनेत "आम्ही आमच्या ऋण्यांना क्षमा केली आहे" ही ओळ आली की आई अडायची. वडीलही थांबायचे. आम्ही एक डोळा उघडून बघायचो. मग ती ओळ कधी नीट, कधी पुटपुटत पूर्ण व्हायची. दहा प्रवचनांनी जे झालं नसतं ते या थांबण्याने झालं.

पण म्हणून आईशिवाय होतच नाही, असं मी म्हणणार नाही. नाशिकचाच इतिहास बघा. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांच्या घरी आधी नवरा, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाला, १८९५ मध्ये. त्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन मागे राहिल्या. पुढे टिळकांकडे राहायला गेल्या तरी सोवळं लगेच सुटलं नाही. पाचेक वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचं मन वळल्यावर. त्याच बाईंनी टिळकांच्या मागे त्यांचं येशूवरचं अपुरं महाकाव्य 'ख्रिस्तायन' पुढे नेलं. म्हणजे त्या घरात वाट बापाने पाडली.

आणि शरणपूरची मिशनची वसाहत! तिथे एकोणिसाव्या शतकात अनाथ मुलं होती, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही होती. आई जवळ असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांतलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनचं शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनविधीलाही हजर होता. या मुलांना प्रार्थना शिकवली ती मास्तरांनी.

तेव्हा तुमची बायको काही जगावेगळं करत नाहीये, आणि पोराचं सगळं आत्ताच ठरून जाईल असंही नाही. रात्री तिथेच बसा. डोळे मिटायची सक्ती नाही. बाप दुसऱ्या खोलीत मोबाईल घेऊन बसतो, हेही मूल शिकतंच.

एक गोष्ट मात्र दोघांनी आत्ताच बोलून घ्या: बाप्तिस्मा. बायकोची मंडळी, म्हणजे चर्चचा पंथ, कोणता आहे ते विचारा. कॅथलिक आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत तान्ह्या बाळाचाही बाप्तिस्मा होतो आणि मूल मोठं झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी ते स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं. पेंटेकॉस्टल आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांत समज आल्यावरच बाप्तिस्मा देतात. सासूबाईंना घाई असेल तर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, घरी चहाला बोलवा आणि तुमची शंका सरळ त्यांच्यापुढे मांडा.