चोवीस घरांतला तंबोरा

प्रश्न : ताई, मिरजेत आमच्या घरी तंबोरे आणि सतारी होतात. आधी आजोबा करायचे, मग बाबा, आता दादा. वेबसाइटसाठी आणि व्हॉट्सॲपसाठी एक छोटा आयकॉन हवा होता, म्हणून ऑनलाइन टूल उघडून पहिल्यांदाच काढून पाहिला. भोपळा, त्यावरची वेलबुट्टी, चार तारा, चार खुंट्या, खाली दुकानाचं नाव. लॅपटॉपवर छान दिसतो, पण मोबाईलवर नुसता तपकिरी डाग, आणि भोवती पांढरा चौकोन. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा तंबोरा मी मोठा करून नीट पाहिला. वेलबुट्टी फार मन लावून काढली आहे, आणि तरीही ती काढून टाका असंच मी सांगणार. ३२ पिक्सेलच्या जागेत तुमच्या चार तारांमधली फट एका पिक्सेलपेक्षाही कमी उरते. मग तारा आणि लाकूड एकमेकांत मिसळतात, आणि तोच तुम्हाला दिसणारा डाग. नावही काढा. त्या आकारात ते कुणालाच वाचता येत नाही.

आता टूल बंद करा आणि गणिताची चौकटीची वही घ्या. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केर यांनी १९८३ साली आयकॉन काढले, तेही आधी आलेखाच्या कागदावर. ३२ बाय ३२ घरं, प्रत्येक घर भरलेलं नाहीतर रिकामं. माझ्या वर्गातही पहिला तास मी वहीवरच घेते.

तुम्ही २४ बाय २४ घरं आखा. तळाशी भोपळा, १० घरं रुंद. त्यावर मधोमध दांडी, २ घरं रुंद आणि १२ उंच. दांडी ३ घरांची करू नका. २४ चा मध्य रेषेवर येतो, त्यामुळे ३ घरांची दांडी एक तर एका बाजूला सरकते, नाहीतर तिच्या कडा अर्ध्या घरात पडून धूसर होतात. वर-खाली एकेक ओळ मोकळी राहू द्या.

एवढंच काढून मी पाहिलं, तर तंबोऱ्याची पळी झाली! मग खुंट्या घातल्या. समोरच्या दोन खुंट्या दांडीत विरून जातात, म्हणून डाव्या-उजव्या दोनच ठेवल्या, प्रत्येकी २ बाय २ घरांच्या. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, घोडीसाठी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ४ घरं रुंद, २ उंच अशी आडवी फट सोडली आणि वाद्य ओळखू यायला लागलं. तारा एकही नाही, तरी तो तंबोराच आहे.

हेच आता फिग्मा या चित्रं काढायच्या टूलमध्ये करा. ब्राउझरमध्ये चालतं आणि एवढ्या कामाला फुकटचं खातं पुरतं. २४ बाय २४ ची फ्रेम, म्हणजे चित्राची चौकट, घ्या. गोल आणि चौकोन मांडून झाले की सगळे निवडून ‘युनियन’ करा, म्हणजे ते जोडून एकच आकार होतो. मग घोडीचा चौकोन वर ठेवून ‘सबट्रॅक्ट’. म्हणजे तिथे आरपार भोक पडतं, मागचा रंग कुठलाही असो.

पांढऱ्या चौकोनाची कारणं बहुधा दोन. फ्रेमला स्वतःचा पांढरा रंग असतो, तो ‘फिल’मधून काढा. आणि फाइल जेपीजी असेल तर तिच्यात पारदर्शकता राहतच नाही. मूळ प्रत एसव्हीजी ठेवा, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. वापरायला ५१२ पिक्सेलची पीएनजी काढा, तिच्यात पारदर्शकता टिकते. दादाला पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तिची जेपीजी करून टाकतं. डीपी मात्र गोल कापला जातो, त्यासाठी मागे एकच गडद रंग भरून तंबोरा थोडा लहान ठेवलेली वेगळी प्रत करा.

घोडीची फट मी अंदाजाने भोपळ्याच्या मध्याच्या जरा खाली ठेवली आहे. ती नेमकी कुठे हवी ते दादालाच विचारा. घोडी बसवणारा हात त्याचा आहे, एका घराचा फरकही त्याला लगेच दिसेल.