2036 साली मिळणारे शिक्षणाचे पैसे

कराडच्या एका वाचकांची शिल्लक आईच्या आजारपणात संपली आहे. मुलीला यंदा केंद्रीभूत प्रवेश फेरीतून पुण्यात अभियांत्रिकीला जागा मिळाली असून वर्षाचे शिक्षण शुल्क सव्वा लाख, तर वसतिगृह आणि मेसचा खर्च 85 हजार आहे. त्यासाठी पीएफमधून पैसे काढावेत की पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवाव्यात, असे त्यांनी विचारले आहे. त्यांचे वय 49, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पावणेसात लाख आणि प्रवर्ग ओबीसी आहे.

दोन्ही नको. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क 2024-25 पासून राज्य सरकारने पूर्ण माफ केले आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करा आणि दरवर्षी तो नूतनीकृत करा. ही सवलत व्यवस्थापन कोट्याला नाही, त्यामुळे 'याहून चांगले कॉलेज मिळवून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या ताजा कलमाची. 'मुलीच्या शिक्षणाची पॉलिसी आहेच, तिचाही पुढे हातभार लागेल.' 2020 पासून वर्षाला 72 हजार, मुदत सोळा वर्षे. म्हणजे पैसे हाती येतील तेव्हा मुलगी 28 वर्षांची असेल. माहितीपत्रकावर पदवीची टोपी घातलेली मुलगी छापली, म्हणून ती पॉलिसी शिक्षणाची होत नाही. साडेअकरा लाख भरून एजंटाच्याच अंदाजाने सतरा लाख मिळणार, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के देणाऱ्या पीपीएफमध्ये, हाच दर टिकला तर, तेवढ्याच हप्त्यांचे साडेएकवीस लाख होतात. शिवाय घरातल्या एकमेव कमावत्या माणसाला विमासंरक्षण किती, तर दहा लाख आणि बोनस!

आता सरेंडर करण्याची, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच मोडून पैसे घेण्याची, घाई मात्र करू नका. सहा हप्त्यांवर पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच चालू ठेवली, तर विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात घटून दहा लाखांचे पावणेचार लाख राहतील आणि जमा झालेला अडीच लाखांचा बोनस धरून 2036 मध्ये सव्वासहा लाख मिळतील. सात टक्क्यांनी पैसे दहा वर्षांत दुप्पट होतात, हे लक्षात घेता त्या सव्वासहा लाखांची आजची किंमत तीन लाखांच्या जरा वर भरते. शाखेकडून सरेंडरचा आकडा लेखी घ्या, तो याहून कमी असेल तर पेड-अपच बरे. नातेवाईक एजंट रुसेल, पण त्याचे कमिशन हा तुमच्या घरखर्चाचा भाग नाही.

हप्ता थांबला की 72 हजार मोकळे होतात. त्यांतले वीसएक हजार पन्नास लाखांच्या टर्म विम्यासाठी, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणाऱ्या निव्वळ विम्यासाठी, धरले, तरी बावन्न हजार वसतिगृहासाठी उरतात आणि 85 हजारांतले बाकीचे तेहतीस हजार, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजार, पगारातून काढता येतील. अधिक लागलेच तर मुलीच्या नावे छोटे शैक्षणिक कर्ज घ्या, त्याची परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होते.

टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका. सातवा हप्ता सप्टेंबरात आहे, तेव्हा वैद्यकीय तपासणी याच महिन्यात उरकून घ्या.