टांझानियात इंग्रजी शिकवायला यायचं म्हणतेस, त्याआधी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सोलापूरजवळच्या माध्यमिक शाळेत ३ वर्षं इंग्रजी शिकवतेस, बी.ए. बी.एड. झालंय, आणि नुकताच १२० तासांचा ऑनलाइन टेफलचा, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचा, कोर्सही केलास. आता एका वर्षात केनिया, टांझानिया आणि रवांडा फिरायचे, प्रत्येक ठिकाणी चारेक महिने शाळेत शिकवायचं आणि त्या पगारावर पुढचा प्रवास करायचा, असा बेत आहे. व्हिसा कोणता घ्यावा, एकटीने राहणं जमेल का, आणि शेवटी जरा दबकत विचारलंस, 'मी मराठी माध्यमातली आहे, तिकडे चालेल का?' मी किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी गावात ९ वर्षं इंग्रजी शिकवते आहे. ताई म्हणालीस, तर ताईच्या हक्काने सांगते: हा बेत आहे तसा करू नकोस. पण यायचं मात्र रद्द करू नकोस.

आधी नोकरीचं बघू. चीन, कोरिया, व्हिएतनाम इथे टेफलवाल्यांना जशा जागा निघतात, तसा बाजार पूर्व आफ्रिकेत नाही. केनिया, युगांडा, टांझानिया हे ब्रिटिश अमलाखालून गेलेले देश. इथे इंग्रजीचे शिक्षक स्थानिकच आहेत, चांगले आहेत, आणि त्यांतले कितीतरी नोकरीच्या रांगेत उभे आहेत. त्यामुळे परदेशी शिक्षकाला घ्यायचं तर शाळेला सरकारपुढे सिद्ध करावं लागतं की या जागेसाठी इथला माणूस मिळाला नाही. अशा शाळा चार महिन्यांसाठी कोणाला घेत नाहीत. त्यांना दोन वर्षांचा करार हवा असतो, आणि टेफलच्या कागदापेक्षा तुझी बी.एड. आणि वर्गातली ३ वर्षं त्यांना जास्त मोलाची वाटतात. केनियात तर तिथल्या टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे नोंदणी असल्याशिवाय खासगी शाळेतही शिकवता येत नाही. रवांडाने २००८ साली शाळांचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजी केलं, त्यामुळे तिथली गरज खरी आहे. पण ती गरजसुद्धा चार महिन्यांच्या पाहुणीने भागणारी नाही.

आता परमिट. इथे मी स्वतः पोळले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या पहिल्या शाळेने सांगितलं, 'टुरिस्ट व्हिसावर या, परमिटचं इथे आल्यावर करू.' मी आले. एक महिना गेला, दोन गेले, दर वेळी 'प्रक्रिया चालू आहे' एवढंच उत्तर. तिसऱ्या महिन्यात इमिग्रेशनचे लोक शाळेत तपासणीला आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला मागच्या दाराने स्वयंपाकघराच्या पडवीत पाठवलं. दीड तास मी तिथे मक्याच्या पोत्यांशेजारी बसून होते. मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी, आणि त्याच मुलांच्या देखत लपले. त्या आठवड्यात मी ती शाळा सोडली, पदरचे पैसे घालून घरी परतले, आणि आठ महिन्यांनी दुसऱ्या शाळेत रीतसर आले.

रीतसर म्हणजे कसं? टांझानियात नोकरीसाठी दोन वेगळे कागद लागतात: कामगार खात्याचं वर्क परमिट आणि इमिग्रेशनचं रेसिडेन्स परमिट, वर्ग 'ब'. दोन्हींसाठी अर्ज शाळा करते, तू नाही. फी मोठी असते, ती शाळेने भरायची. करारात तसं लिहून घे. तुझ्या पदवीची छाननी टांझानिया कमिशन फॉर युनिव्हर्सिटीज करतं. त्यासाठी पदवी आणि गुणपत्रकं आधी आपल्या राज्याच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून ठेव. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढ. हे सगळं भारतात असतानाच करायचं. इथून भावाला विद्यापीठात हेलपाटे घालायला लावणं म्हणजे काय असतं, ते त्याला विचार.

पगाराचं थोडक्यात. तो शिलिंगमध्ये आहे की डॉलरमध्ये, हे विचार. शिलिंग घसरला तर घरी पाठवायची रक्कम घसरते. महिन्याला १० लाख शिलिंगच्या वरच्या उत्पन्नावर ३० टक्के कर कापला जातो, निवृत्तिनिधीही कापला जातो. आकडा ऐकून हुरळू नकोस, हातात किती पडणार ते विचार. घर आणि वर्षातून एक तिकीट शाळा देते का, तेही बघ.

आता तुझा शेवटचा प्रश्न. माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा.

टांझानियाच्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलं सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीतून शिकतात. गणित, विज्ञान, इतिहास, सगळं. आठव्या वर्षी, म्हणजे 'फॉर्म वन'ला, पुस्तकं एकदम इंग्रजी होतात. तेरा-चौदा वर्षांचं पोर. घरी किचागा ही इथली बोली बोलणारं, शाळेत स्वाहिलीत हुशार म्हणून नावाजलेलं, आणि एका जानेवारीत अचानक मुकं होतं. वर्गात पन्नास-साठ मुलं, आणि मागच्या बाकांवर इतकी शांतता की नव्या शिक्षकाला वाटावं, यांना काही येतच नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी अशी एक मुलगी होती. जीवशास्त्राचं पुस्तक उघडून नुसती बसायची. मी जवळ गेले तर तिने 'फोटोसिंथेसिस' या शब्दाखाली पेन्सिलीने इतक्यांदा रेघ मारली होती की कागद फाटायला आला होता. मी तिला मोडक्या स्वाहिलीत विचारलं, झाड जेवण कसं करतं? ती उठून उभी राहिली आणि पाणी, हवा, ऊन, पान, सगळं घडाघडा सांगितलं. तिला तो शब्द येत होता: 'उसानिसीनुरू'. उसानिसी म्हणजे संश्लेषण, नुरू म्हणजे प्रकाश, आपल्या 'नूर'मधलाच. मी फळ्यावर तिचा शब्द लिहिला, खाली देवनागरीत 'प्रकाशसंश्लेषण' लिहिलं आणि त्याखाली इंग्रजी शब्द. तोडून दाखवला, फोटो म्हणजे नुरू, सिंथेसिस म्हणजे उसानिसी. मग सांगितलं की हा मधला शब्द मी तुझ्याएवढी असताना शिकले, आणि अकरावीत विज्ञानाला गेल्यावर खालचा शब्द ऐकून तुझ्यासारखीच गप्प बसले होते. वर्षभराने विज्ञान सोडून कला शाखा घेतली, तीही त्याच पायी. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. इंग्रजीची बाई कधीकाळी इंग्रजी न येणारी होती, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून म्हणते, मराठी माध्यम लपवू नकोस. अर्जात लिही, मुलाखतीत सांग. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ती भिंत दिसत नाही, कारण त्याला ती कधी चढावीच लागली नाही. तू चढून आली आहेस. कुठे पाय ठेवायचा ते तुला माहीत आहे.

शिकवताना उपयोगी पडेल असं आणखी एक. स्वाहिलीत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे, 'येये'. म्हणून मुलं इंग्रजीत आईबद्दल बोलताना सर्रास 'ही' (he) म्हणतात आणि वडिलांबद्दल 'शी' (she). ती चूक निष्काळजीपणाची नाही. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे हा भेदच नाही. तसंच, तुझ्या हातून खडू पडला तर अख्खा वर्ग 'सॉरी, टीचर' म्हणेल. त्यांचा 'पोले' हा शब्द दुसऱ्याला लागलं, दुसरा दमला, तरी सहानुभूतीने म्हणतात, आणि मुलं त्याचं इंग्रजी 'सॉरी' करतात. मी हे कधी सुधारत नाही. फक्त परीक्षेत लिहू नका म्हणते.

स्वाहिली इथे येऊन नको, आधीच शिकायला लाग. रोज अर्धा तास, सहा महिने. तुला वाटतं त्याहून सोपी आहे. दुका म्हणजे दुकान, पेसा म्हणजे पैसा, गारी म्हणजे गाडी, साबुनी, रंगी, चाय, चपाती. लाखाला 'लाकी' म्हणतात, विम्याला 'बिमा'. तीनचाकी रिक्षेला अख्खा देश 'बजाजी' म्हणतो, आपल्या आकुर्डीच्या बजाजवरून. फक्त 'दादा' म्हणजे इथे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. तुला बाजारात सगळे दादा म्हणून हाक मारतील, दचकू नकोस. आणि वेळेकडे लक्ष ठेव. इथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. घरमालक आठ वाजता किल्ली देतो म्हणाला तर तो दुपारी दोनला येणार आहे.

लहानांनी मोठ्यांना 'शिकामो' म्हणायचं आणि मोठ्यांनी 'मराहाबा' असं उत्तर द्यायचं, ही इथली रीत. रस्त्यात मुलं तुला 'शिकामो म्वालिमू' म्हणतील. म्वालिमू म्हणजे शिक्षक. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्यरेरे शाळामास्तर होते, आणि लोक आजही त्यांना नुसतं 'म्वालिमू' म्हणतात. त्या शब्दाला इथे केवढा मान आहे, यावरून कळेल.

याच शाळांत छडीही आहे, हे न सांगणं बरोबर होणार नाही. कायद्यानेच तिला परवानगी आहे. मी पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं की माझ्या वर्गात मी ती वापरणार नाही आणि माझ्या नावाने कोणाला मारूही नका. त्यांनी ऐकलं. तू करारावर सही करण्याआधी हे विचारून घे, नंतर स्टाफरूममध्ये वाद घालत बसण्यापेक्षा ते बरं.

'पैसे भरा आणि स्वयंसेवक म्हणून शिकवा' अशा जाहिराती तुला दिसतीलच. त्यांत आणि अनाथाश्रमातल्या दोन आठवड्यांच्या शिबिरांत तू पडू नकोस, असं मला मनापासून वाटतं. मुलांना जीव लावून निघून जाणारी माणसं त्यांनी आधीच खूप पाहिली आहेत. आणि स्वयंसेवेलाही परमिट लागतंच.

राहण्याचं म्हणशील तर शाकाहारी असलीस तरी अडणार नाही. महारागे म्हणजे राजमा, चोरोको म्हणजे मूग, म्चिचा म्हणजे आपला माठ. उगाली ही मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती आवडायला मला वर्ष लागलं. दार-ए-सलामला महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला तिकडे जाता येतं. रोजचे पैसे मोबाइलवरून चालतात. अंधार पडल्यावर एकटीने पायी फिरू नकोस, ओळखीच्या बजाजीवाल्याचा नंबर ठेव, बोडाबोडावर म्हणजे मोटारसायकलवर हेल्मेटशिवाय बसू नकोस. बाकी एकटी बाई म्हणून मला इथे शेजाऱ्यांनी सांभाळलं आहे.

मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. सुट्टीत सोलापूरला असताना ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग की मी आफ्रिकेतून आले आहे. इथला मलेरिया उपचारासाठी वाट बघत नाही. पिवळ्या तापाची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसताना केनियातून भारतात उतरलीस तर ६ दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात.

आता फिरणं, ज्यासाठी तू हा सगळा घाट घातलास. ते होतं, आणि नीट होतं. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, जून आणि डिसेंबरमध्ये मोठी सुट्टी. रेसिडेन्स परमिट असलं की सेरेंगेटीसारख्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पर्यटकापेक्षा कमी शुल्क पडतं. झांझिबारला दार-ए-सलामहून बोट जाते. नैरोबी मोशीहून बसने एका दिवसात गाठता येतं. तुझे तीनही देश दोन वर्षांच्या सुट्ट्यांत बघून होतील, आणि कोणत्याही सीमेवर खोटं बोलावं लागणार नाही.

येताना मसाले प्लास्टिकच्या कॅरीबॅगांत बांधू नकोस, २०१९ पासून इथे त्यांवर बंदी आहे. डबे किंवा कापडी पिशव्या आण. प्लग इथे ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. कुकरच्या दोन जादा रिंगा आण. आणि तुझी आठवी-नववीची मराठी विज्ञानाची पुस्तकं घरात कुठे असतील तर तीही घे.

शाळेकडून कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. परमिटचं कलम मी आधी वाचेन.