रिकन्सिलिएशनचं (आकड्यांच्या जुळवणीचं) पान आधी वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला. सगळं जग आता आयएफआरएसवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांवर आलंय, तर त्याचा डिप-आयएफआर हा डिप्लोमा करून टाकू का, असं विचारतोयस. जरूर कर. फक्त ते 'सगळं जग' डोक्यातून काढ. अमेरिकी कंपन्या आजही यूएस गॅप या आपल्या वेगळ्या नियमांवरच हिशेब मांडतात. एफएएसबी (अमेरिकी नियम ठरवणारी) आणि आयएएसबी (आयएफआरएस ठरवणारी) या संस्थांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या नॉरवॉकला नियम जवळ आणायचं ठरवलं, महसुलाचा नियम जवळपास एक झालाही. पण मालसाठ्याच्या मूल्यांकनात लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणं) तिकडे अजून चालतो आणि आयएफआरएसच्या आयएएस 2 या मानकात त्याला थारा नाही. का? करासाठी लिफो वापरायचा तर जाहीर हिशेबातही तोच वापरावा लागतो, असा तिथला कायदा. लिफो सोडला की भाववाढीच्या काळात कर वाढतो. स्वतःहून कोण सोडेल?

म्हणून फरकांचे तक्ते घोकत बसू नकोस. प्रत्येक फरकामागे हिशेब कोणी मागितला होता, ते शोध. डाइम्लर-बेंझचं 1993 चं उदाहरण जुनं आहे, पण मी प्रत्येक आर्टिकलला (सीएच्या शिकाऊ पोराला) तेच देतो. न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी करणारी ती पहिली जर्मन कंपनी. त्या वर्षी जर्मन नियमांनी नफा 61.5 कोटी मार्क, अमेरिकी नियमांनी तोटा सुमारे 184 कोटी मार्क. कंपनी तीच, वर्ष तेच. लबाडी कोणीच केली नव्हती. जर्मनीत पैसा मुख्यतः बँकांचा आणि पुस्तकं कराशी बांधलेली. त्यामुळे चांगल्या वर्षांत तरतुदी फुगवून ठेवायच्या आणि वाईट वर्षात त्या सोडायच्या, याला तिथे शहाणपण म्हणत. अमेरिकी भागधारकाला मात्र यंदाचं काय ते यंदाच कळायला हवं होतं.

आपलंही तसंच. 2015 मध्ये इंड एएस ही आयएफआरएसवर बेतलेली भारतीय मानकं अधिसूचित झाली, एप्रिल 2016 पासून 500 कोटी आणि त्यावर नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना ती लागू झाली, पण काही कार्व्ह-आउट, म्हणजे आयएफआरएसपासून मुद्दाम राखलेले फरक ठेवूनच. बँकांचं 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं पुढे ढकललं, ते अजून ढकललेलंच आहे.

तुझ्या हातात जर्मन कंपनीच्या चाकणमधल्या उपकंपनीचं पॅकेज (पालक कंपनीला पाठवायचे हिशेब) आहे ना? समज, तिने 10 कोटींना घेतलेलं एक गोदाम भाड्यानं दिलंय आणि आज त्याची किंमत 40 कोटी आहे. इंड एएस 40 मध्ये ते किमतीला, घसारा वजा करून. बाजारभाव फक्त टिपेत. आयएएस 40 मध्ये पालक कंपनीनं फेअर व्हॅल्यू (बाजारभावानं मांडणी) निवडली असेल, तर वाढ थेट नफ्यात आणि घसारा शून्य. ही नोंद स्वतः टाक, डिफर्ड टॅक्ससकट (या वाढीवर पुढे लागणारा कर). बहुतेक पोरं डिफर्ड टॅक्सच विसरतात, आणि मग पॅकेज जुळत नाही म्हणून रात्री अकराला फोन करतात.

ऑडिटचं दुखणं वेगळंच आहे. आपल्या एसए 600 या ऑडिट मानकाप्रमाणे समूहाचा ऑडिटर अहवालात लिहू शकतो की अमुक उपकंपन्या आम्ही तपासल्या नाहीत, दुसऱ्यांच्या अहवालावर विसंबलो. आंतरराष्ट्रीय आयएसए 600 मध्ये ही पळवाट नाही, सगळी जबाबदारी त्याचीच. 2024 मध्ये एनएफआरए या सरकारी ऑडिट नियामकानं आपला नियम त्या वळणावर न्यायचा प्रस्ताव आणला, तेव्हा सीएंच्या इन्स्टिट्यूटनं विरोध केला: लहान फर्मचं काम मोठ्यांकडे जाईल. ही भीती पोकळ नाही, आपल्या गावोगावच्या फर्म त्यावर जगतात. तरी माझं मत एनएफआरएच्या बाजूनं पडतं. समूहाचा ताळेबंद एक, तर त्याच्या सहीमागे उभा राहणाराही एकच हवा. तुझ्या फर्ममध्ये हे मोठ्यानं बोलू नकोस.

डिप-आयएफआरची परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते. तू डिसेंबरचीच धर. तोवर त्या पॅकेजचं रिकन्सिलिएशन कोऱ्या शीटवर कर, गेल्या वर्षीची एक्सेल उघडू नकोस. झालं की पाठव.

तुझा,
काका